सोन्नलगे

सोलापूर शहराचे मध्ययुगीन मूळ गाव. सोन्नलिगे, सोन्नलगी, सोनलगी अशी या नावाची अन्य रूपेही आढळतात. सीना नदीस मिळणाऱ्या आदिला नावाच्या लहानशा ओढ्याच्या मैदानात हे गाव वसले होते. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम (सिद्धरामेश्वर वा सिद्धेश्वर) यांच्या कार्यामुळे ते क्षेत्र म्हणून प्रसिद्धीस आले. त्यांनी खोदविलेला तलाव, त्यांनी स्थापिलेली शिवलिंगे आणि पुढे तलावाच्या काठी बांधला गेलेला भुईकोट किल्ला या तीन गोष्टींवरून मूळ गावाची जागा व त्याचा विस्तार यांची कल्पना आजही करता येते. ओढ्याकाठचे एक कोरडवाहू खेडे कोणत्या कारणांनी वाढले, हा प्रश्न दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातील वसाहतींच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे; कारण येथे निसर्गाने दिलेले अनुकूल असे फारसे काही नव्हते.

स्थान : सोलापूरचा परिसर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, समुद्रसपाटीपासून सुमारे 457 मी. उंचीवर आहे. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे 55 सेंमी. असून ते अत्यंत अनिश्चित आहे. मृगाचा पाऊस पुष्कळदा हुलकावणी देतो आणि खरा भरवसा भाद्रपदातील, म्हणजे परतीच्या पावसाचा असतो. त्यामुळे या भागात खरिपापेक्षा रबी हंगाम महत्त्वाचा आणि शाळू ज्वारी हे मुख्य पीक. काळी जमीन ओल धरून ठेवते व त्या ओलीवर पीक हाती येते. परंतु माणसांना व गुरांना वर्षभर पिण्यास पुरेल असे पाणी ती देत नाही. मातीच्या थराखाली काळा पाषाण असून त्याच्या भेगांतून व मुरमाच्या थरांतून झिरपेल तेवढेच पाणी विहिरींना मिळते. आदिला हा ओढा बारमाही नाही. जोराच्या पावसात तो दोन्ही काठ भरून वाहतो व उन्हाळ्यात त्याचे पात्र कोरडे पडते. स्थानिक लोक त्यास नदी म्हणतात, हा ओढ्याचा गौरव म्हणावयाचा.

जिल्ह्यातील जुनी क्षेत्रे पाहिली, तर त्यांपैकी बरीचशी मोठ्या नद्यांच्या काठी आहेत. पंढरपूर भीमेकाठी आहे. माचणूर–ब्रह्मपुरी भीमेकाठीच आहे. सोलापूरच्या दक्षिणेस भीमा व सीना यांच्या संगमावर हत्तरसंग कुडल हे स्थळ असून तेथील मंदिरात शके 940 (इ. स. 1018) मधील मराठी लेख आहे. मराठीतील अत्यंत जुन्या लेखांत त्याची गणना होते. म्हणजे अकराव्या शतकाच्या प्रारंभी या प्रदेशात नदीकाठी मंदिरे व स्थिर वस्ती होती. त्या मानाने सोन्नलग्याची जागा अडचणीचीच होती. सीना येथून पश्चिमेस सुमारे 12 ते 15 किमी. वर, तर भीमा दक्षिणेस सुमारे 30 किमी. वर वाहते. अशा ठिकाणी गाव वसावे, याची कारणे दोन दिसतात. पहिले, सभोवार पसरलेली सकस काळी जमीन. दुसरे, मार्गावरील स्थान. कलचुरींचे मूळ ठाणे मंगळवेढे हे येथून पश्चिमेस सुमारे 55 किमी. आणि चालुक्यांची राजधानी कल्याण (सांप्रतचे बसवकल्याण) पूर्वेस सुमारे 110 किमी. अंतरावर आहे. उत्तर चालुक्यांचा मांडलिक असलेल्या कलचुरी बिज्जलाने बाराव्या शतकाच्या मध्यास कल्याणची सत्ता बळकावली, तेव्हा या दोन ठिकाणांमधील दळणवळण वाढले असणार व त्या वाटेवरील गावांना त्याचा लाभ झाला असणार, हे उघड आहे.

नावाची व्युत्पत्ती : सोलापूर हे नाव ‘सोळा’ व ‘पूर’ या शब्दांपासून बनले व सोळा गावे मिळून हे शहर झाले, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. आदिलपूर, अहमदपूर, फतेहपूर, जामदारवाडी, काळजापूर, खादरपूर, मुहंमदपूर, राणापूर, शेखपूर, संदलपूर, सोनलगी, सोनापूर, वैदकवाडी, सोलापूर इत्यादी नावे या संदर्भात सांगितली जातात. ही यादी बारकाईने पाहिली असता तिच्यातील दोष ध्यानात येतो. सोळा गावांवरून ज्याचे नाव पडले असे म्हणावयाचे, ते सोलापूर स्वतःच या सोळांपैकी एक आहे. शिवाय तीतील अहमदपूर, फतेहपूर, मुहंमदपूर, शेखपूर यांसारखी नावे मुसलमानी अंमल सुरू झाल्यानंतरची, म्हणजे चौदाव्या शतकापूर्वीची नसणारी आहेत. एकच गाव सोनलगी, सोनापूर, संदलपूर व सोलापूर अशा चार नावांनी यादीत चार वेळा आले असण्याचाही संभव आहे. तेव्हा ही व्युत्पत्ती नादसाम्यावरून मागाहून रचलेली दिसते. मात्र किल्ल्याच्या आसपासच्या वाड्या व वस्त्या हळूहळू एकत्र येऊन शहर बनले, ही तिच्यातील स्मृती निराधार म्हणता येत नाही.

कोरीव लेखांचा पुरावा निराळी दिशा दाखवितो. शिवयोगी सिद्धरामांच्या काळातील लेखांवरून गावाचे नाव सोन्नलगे असे होते व त्याचा उच्चार सोन्नलगी असाही होत असे. यादव सत्तेच्या अखेरपर्यंत हे नाव चालू राहिले. मोहोळ तालुक्यातील कामती येथे मिळालेल्या शके 1238 (इ. स. 1316) च्या संस्कृत लेखात गावाचा निर्देश सोनलीपूर असा आहे. सोलापूरच्या किल्ल्यातील एका लेखात सोनलपूर, तर किल्ल्यातील विहिरीवरील लेखात संदलपूर असे नाव आढळते. सोन्नलगे या कन्नड नावास ‘पूर’ हे प्रत्ययवजा पद जोडले गेले आणि पुढे मधला ‘न’कार लुप्त होऊन सोलापूर हे रूप सिद्ध झाले, असे मानणे सयुक्तिक ठरते. इंग्रजी अमदानीत त्याचेच शोलापूर झाले व ते रूप सरकारी कागदपत्रांत पुष्कळ काळ टिकले.

सिद्धरामपूर्व गाव : सिद्धरामांच्या पूर्वीच्या सोन्नलग्याविषयीची माहिती मुख्यतः त्यांच्या चरित्रकथांतून मिळते. राघवांक या कन्नड कवीने तेराव्या शतकात रचलेले सिद्धरामचरित्र हे त्यांतील प्रमुख होय. चरित्रकथा ही इतिहासाची नोंद नव्हे. तथापि कवी ज्या परिस्थितीत कथा घडवितो, ती परिस्थिती त्याच्या श्रोत्यांना परिचित असते. या कथेप्रमाणे सिद्धरामांचे वडील मुद्दुगौडा हे गावचे गौड, म्हणजे पाटील होते व आईचे नाव सुग्गलादेवी. बालपणी सिद्धराम शेत राखीत असता श्रीशैलाचा मल्लय्या जंगमाच्या वेषाने आला व त्याने प्रथम हुरडा व नंतर दहीभात मागितला. मुलगा घरी धावत जाऊन भात घेऊन आला, तो मल्लय्या दिसेनासा झालेला. त्याच्या शोधार्थ मुलगा यात्रेकरूंबरोबर श्रीशैलास गेला. तेथेही दर्शन होईना, तेव्हा त्याने कड्यावरून उडी घेतली. देवाने त्यास वाचविले आणि सोन्नलग्यास परत जाऊन तेथेच श्रीशैल निर्माण करण्याची आज्ञा केली.

कथेतील चमत्कार बाजूस ठेवले, तरी तीतून गावाचे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. पाटील असलेले, राखणीची शेते असलेले, गुरे पाळणारे आणि धान्य पिकविणारे असे हे गाव होते. त्याचा लांबच्या श्रीशैलाशी यात्रेचा संबंध होता. त्यात नव्हते ते पाणी आणि देवस्थान. व पुढे सिद्धरामांनी हाती घेतलेली कामे नेमकी हीच होती. श्रीशैलाचा देव गावी आणल्यामुळे सोन्नलग्यास अभिनव श्रीशैल असे नाव मिळाले. सिद्धरामांच्या वचनांच्या शेवटी येणारी कपिलसिद्ध मल्लिकार्जुन ही मुद्रिका याच देवतेची आहे.

तलाव : परंपरेनुसार चामलादेवी नावाच्या राणीने दिलेल्या जमिनीवर सिद्धरामांनी मल्लिकार्जुनाचे मंदिर उभारले आणि शिष्यांच्या श्रमदानातून मोठा तलाव खोदविला. हे काम एका राजाच्या हुकमाने वेठीवर झालेले नाही. खोदणे, माती वाहणे व बांध घालणे ही कामे भक्तांनी शिवपूजा म्हणून केली, असे सर्व कथा एकमुखाने सांगतात. वीरशैव संतांच्या ‘कायक’ या कल्पनेत अंगमेहनतीस पूजेचे स्थान आहे. तिचे हे सर्वांत ठळक व आजही डोळ्यांनी पाहता येईल असे उदाहरण होय.

शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात या कामाच्या संबंधात एक बोलका प्रसंग आहे. अल्लमप्रभू सोन्नलग्यास आले, तेव्हा तलावाचे काम चालू होते. त्यांनी कामकऱ्यांना, तुमचा तो ओड्ड, म्हणजे दगडमाती खोदणारा वडार सिद्धराम कोठे आहे, असे उपहासाने विचारले. गुरूचा अधिक्षेप झालेला पाहून शिष्यांनी त्यांच्यावर दगडधोंडे फेकले. पुढे अल्लम व सिद्धराम यांच्यात संवाद झाला. तळी खोदून व देवळे बांधून मुक्ती मिळत नाही, आत्मज्ञान त्याहून वेगळे आहे, असे अल्लमांचे म्हणणे होते. सिद्धरामांनी ते मान्य केले व ते त्यांच्यासमवेत कल्याणला बसवेश्वरांच्या अनुभवमंडपात गेले. चेन्नबसवांकडून त्यांना इष्टलिंगदीक्षा मिळाली आणि पुढे ते शून्यसिंहासनाचे अधिपतीही झाले. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या वादात अल्लमांचा विजय झाला, असे ग्रंथ सांगतो. गावाच्या दृष्टीने मात्र तलाव हाच निर्णायक ठरला. कल्याणमधील क्रांती बिज्जलाच्या वधानंतर (सुमारे 1167) उधळली गेली व शरण चहूकडे पांगले. सिद्धराम सोन्नलग्यास परतले व त्यांनी येथेच समाधी घेतली.

अशा तलावाचा उपयोग दुहेरी असतो. पावसाळ्यातील जे पाणी ओढ्यावाटे काही दिवसांत वाहून जाते, ते अडून राहते हा प्रत्यक्ष उपयोग. तलावाच्या तळातून पाणी मुरत राहते व सभोवारच्या विहिरींची पातळी उन्हाळ्यातही टिकते, हा अप्रत्यक्ष, पण वस्तीच्या दृष्टीने अधिक मोलाचा उपयोग. तलावाच्या मध्यभागी बेटासारख्या जागेवर सध्याचे सिद्धेश्वर मंदिर असून तेथे जाण्यासाठी वाट बांधून काढलेली आहे. मंदिराच्या आवारात सिद्धरामांची समाधी आहे. मंदिराचे आजचे बांधकाम उत्तरकालीन आहे.

अडुसष्ट लिंगे व गावाची सीमा : सिद्धरामांनी गावाच्या पंचक्रोशीत अडुसष्ट शिवलिंगांची, तसेच अष्टविनायक व अष्टभैरव यांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. वसाहतीच्या अभ्यासकास या लिंगांचे महत्त्व विशेष वाटते. ती एका जागी नाहीत. काही किल्ल्याच्या परिसरात, काही तलावाच्या काठी, काही पूर्वी शेतमळे असलेल्या व आता दाट वस्तीत गेलेल्या जागी आहेत. लिखित दस्तऐवज नसताना गावाचा शिवार कोठपर्यंत होता, हे या विखुरलेल्या दगडांवरून अंदाजता येते. शिवाय ही सीमा केवळ दगडांवर अवलंबून नाही. दरवर्षी मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेत (गड्ड्याची जत्रा) ती चालत जाऊन पुन्हा आखली जाते. उंच काठ्यांचे सात नंदिध्वज खांद्यावर तोलून मानकरी व भक्त अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात व प्रत्येक लिंगास तेलाचा अभिषेक करतात. या विधीस यण्णीमज्जन म्हणतात. कन्नडमध्ये ‘एण्णे’ म्हणजे तेल व ‘मज्जन’ म्हणजे स्नान. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा व नंतर होम मैदानावर होमविधी होतो.

अक्षता सोहळ्याच्या मागे एक कथा आहे. एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशीच विवाह करण्याचा हट्ट धरला. ते विरक्त असल्याने त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास संमती दिली. या प्रतीकात्मक विवाहाचे स्मरण म्हणून सोहळा होतो. नंदिध्वजांचा मान निरनिराळ्या जातींच्या व समाजांच्या घराण्यांकडे वाटून दिलेला आहे. मूळ गावात कोणकोणते कसबी व बलुतेदार राहत होते, याची एक प्रकारची नोंदच या मानांच्या वाटणीत उतरलेली असावी. कुंभारवेस, बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस ही शहरातील भागांची नावे गावकुसाच्या प्रवेशद्वारांची आठवण देतात. त्यांपैकी काही कोणत्या वाटेने कोठे जाता येई ते सांगतात, तर काही वेशीलगत कोण राहत असे ते.

किल्ला : देवगिरीच्या यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या प्रारंभी संपुष्टात आली व 1347 मध्ये बहमनी राज्याची स्थापना झाली. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा बाहेरील तट चौदाव्या शतकातील बहमनी काळाचा मानतात. किल्ला लांबट व काहीसा वेडावाकडा असून त्यास एकाबाहेर एक असे दोन तट आहेत. आतील तट बाहेरील तटापेक्षा उंच आहे. तिन्ही बाजूंनी रुंद खंदक असून पूर्वेस मात्र खंदक नाही; तेथे सिद्धेश्वर तलावाचे पाणीच तटास भिडते. किल्ल्याच्या जागेची निवड या एका गोष्टीवरून स्पष्ट होते. डोंगर नाही, नदीचा वेढा नाही, अशा सपाट मैदानावर किल्ला बांधावयाचा तर एका बाजूचे तयार पाणी आणि खंदकाला पाणीपुरवठा ही मोठीच सोय होती. यात्रेकरूंसाठी व गावासाठी श्रमदानाने खोदलेला तलाव असा दोन शतकांच्या आत लष्करी उपयोगास आला. किल्ल्याच्या आत मल्लिकार्जुनाच्या प्राचीन मंदिराचे अवशेष आहेत. कोरीव खांब व शिळा यांवरून मूळ देवालय याच ठिकाणी होते, असे दिसते. देवस्थान तटाच्या आत गेल्यामुळे गावाची रचना बदलणे अपरिहार्य होते. वस्ती मुख्यत्वे किल्ल्याच्या उत्तरेकडे पसरली व मल्लिकार्जुनाचे नवे मंदिर पुढे बाळीवेस भागात उभे राहिले. कसबा हे नाव वागविणारे भाग (उत्तर कसबा, दक्षिण कसबा) या वस्तीचे जुने अंग होत.

याच काळात दख्खनवर दुष्काळांची मालिका कोसळली. 1396 पासून सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकस्मृतीत अद्याप टिकून आहे. पंधराव्या शतकातील दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे लोकांना लुटविली, ही कथाही याच परिसरातील. अशा काळात गावे ओस पडत व पाणी असलेल्या ठिकाणी माणसे गोळा होत. ठाणे, तलाव आणि बाजार एकत्र असलेल्या गावाची वस्ती अशा आपत्तीनंतर आजूबाजूच्या वाड्यांपेक्षा लवकर भरून येते. सोळा गावांच्या कथेतील तथ्यांश येथे शोधावा लागेल.

बहमनी राज्याच्या विघटनानंतर सोलापूर हे विजापूरची आदिलशाही व अहमदनगरची निजामशाही यांच्या सीमेवर आले व किल्ल्यासाठी या दोन घराण्यांत दीर्घकाळ झगडा चालला. बुऱ्हाण निजामशहाचा विवाह इस्माइल आदिलशहाच्या बहिणीशी झाला (सुमारे 1524), तेव्हा सोलापूर आंदण म्हणून देण्याचे ठरले होते. ते दिले गेले नाही व त्यावरून युद्धे झाली. तालिकोटच्या लढाईपूर्वी (1565) चाँदबीबीचा विवाह अली आदिलशहाशी झाला, त्या वेळी उलट दिशेने हेच सोलापूर आंदणात गेले. 1668 च्या तहान्वये किल्ला मोगलांकडे आला. विजापूरवरील मोहिमेच्या वेळी औरंगजेबाचा तळ 1685–86 मध्ये सोलापुरास होता. पुढे निजाम, अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठे व मे 1818 मध्ये जनरल मन्रोच्या स्वारीनंतर इंग्रज असे हस्तांतर झाले. या साऱ्या राजकीय घडामोडींचा तपशील येथे आवश्यक नाही. वसाहतीच्या दृष्टीने एवढेच ध्यानात घ्यावयाचे, की सरहद्दीवरील ठाण्यात शिबंदी राहते. शिबंदीबरोबर बाजार येतो. आणि गावकुसाबाहेर पेठा वसू लागतात. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अशा वारांच्या नावांच्या पेठा या वाढीच्या द्योतक आहेत.

गावकूस पडल्यानंतर : 1838 मध्ये सोलापूर हे स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. 1852 मध्ये तेथे नगरपालिका स्थापन झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग 1860 मध्ये सोलापुरास पोहोचला आणि 1871 मध्ये रायचूर येथे मद्रासकडील मार्गास जोडला गेला. कापसाची बाजारपेठ म्हणून गावाचे महत्त्व झपाट्याने वाढले. शहराभोवतीचा तट वाढत्या वस्तीस अडथळा होऊ लागल्याने 1872 च्या सुमारास त्याचे बरेच भाग पाडून टाकण्यात आले. ज्या वेशींनी शतकानुशतके गावाला आकार दिला, त्या यानंतर नावापुरत्याच उरल्या.

वाढत्या वस्तीस सिद्धेश्वर तलावाचे पाणी पुरणे शक्य नव्हते. सोन्नलग्याच्या मूळ ओढ्याशी पुन्हा संबंध जुळला तो येथे. शहराच्या ईशान्येस सुमारे 8 किमी. वर, एकरुख व हिप्परगे या गावांजवळ आदिलेच्या खोऱ्यात सुमारे दोन किमी. लांबीचा मातीचा बांध घालून 1871 मध्ये एकरुख तलाव पुरा करण्यात आला. तत्कालीन मुंबई इलाख्यातील कृत्रिम तलावांत तो सर्वांत मोठ्यांपैकी एक होता. त्याच्या कालव्यांनी काही जमीन भिजू लागली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत शहराच्या नळांनाही या तलावाचे पाणी मिळू लागले. ज्या ओढ्याला सातशे वर्षांपूर्वी गावाची तहान भागविता येत नव्हती, त्याचेच पावसाळी पाणी वरच्या अंगास अडविल्याने शहर तगले. उपाय बाराव्या शतकातील जो, तोच एकोणिसाव्या शतकातील होता. मोजमाप व यंत्रसामग्री तेवढी बदलली. एक बदल मात्र मूलभूत होता. सिद्धेश्वर तलाव गावाच्या अंगणात होता व त्याची राखण गाव करीत असे. एकरुखपासून पुढे शहराचे पाणी शहराच्या दृष्टिआड गेले.

1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही पहिली कापड गिरणी सुरू झाली. ती पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचे प्रवर्तक मुरारजी गोकुळदास यांचे नाव शहराच्या पश्चिम भागातील मुरारजी पेठेस मिळाले. त्यानंतर लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू इत्यादी गिरण्या निघाल्या. हातमागाचा धंदा त्यापूर्वीपासून होता. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी शहराच्या पूर्व भागात वस्ती केली व त्या भागास तेलुगू वळण आले. मूळचे कन्नड गाव, मराठी मुलूख, दख्खनी बोलणारी जुनी मुसलमान वस्ती आणि तेलुगू विणकर असे चार भाषांचे थर एकमेकांवर चढले आणि खालचा कोणताही पुसला गेला नाही. यात्रेत मराठी बोलणारा माणूस यण्णीमज्जन हा शब्द सहज वापरतो, तो याच कारणाने.

1 मे 1964 रोजी नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. 1971 मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे चार लक्ष होती. 1992 मध्ये बाळे, केगाव, शेळगी, दहिटणे, कुमठे, मजरेवाडी, सोरेगाव, देगाव इत्यादी गावे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट करण्यात आली व शहराचे क्षेत्र सुमारे 178 चौ. किमी. झाले. सोळा गावे मिळून झालेल्या शहराची दंतकथा अशा प्रकारे विसाव्या शतकात, शासकीय निर्णयाने, बऱ्याच अंशी खरी ठरली. 2001 मध्ये लोकसंख्या 8,72,478 होती. 2011 च्या जनगणनेत ती 9,51,558 भरली.

आदिलेच्या खोऱ्यातील पाणी एवढ्या वस्तीला पुरणे शक्यच नव्हते. त्यामुळे शहरास प्रथम भीमेवरील टाकळी येथून व नंतर उजनी धरणातून (1980) नळाने पाणी आणावे लागले. उजनीपासूनचे अंतर शंभर किमी. पेक्षा अधिक आहे. टाकळीजवळच्या औज बंधाऱ्यात नदीपात्रातून पाणी सोडले जाते, तेव्हा त्याचा बराच भाग वाटेत मुरतो, आटतो वा उपसला जातो. उन्हाळ्यात शहराच्या कित्येक भागांत काही दिवसांआड पाणी येणे ही रहिवाशांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे.

सिद्धेश्वर तलावातील पाण्याचा उपयोग पिण्यासाठी होत नाही. गाळ, शेवाळ व आसपासच्या वस्तीतून येणारे सांडपाणी यांमुळे तो वेळोवेळी दूषित होतो व त्याच्या शुद्धीकरणाची कामे हाती घ्यावी लागतात. जुन्या विहिरींपैकी पुष्कळ बुजल्या आहेत. आदिलेचे पात्र शहराच्या हद्दीत अरुंद झाले असून लोक त्यास नाला म्हणून ओळखतात. एरवी त्यात सांडपाणीच वाहते. परंतु परतीचा पाऊस जोराचा होऊन एकरुख तलाव भरून वाहू लागला, की हे पाणी शेळगी व लगतच्या सखल वस्त्यांतून जुन्या वाटेनेच सीनेकडे जाते आणि ओढा मूळचा कोठून कोठपर्यंत होता, ते त्या दिवशी सर्वांना दिसते.